जिग पडत असताना: खडपातल्या आणि किनाऱ्यालगतच्या माशांसाठी जिग-ल्यूरचं तंत्र

जिग, म्हणजे माशासारखं दिसणारं धातूचं जड नकली आमिष, वर जाताना मासा त्याच्याकडे बघतो आणि खाली पडताना त्याला तोंड लावतो. हेकरू, तांबोसा आणि खडपाच्या आडोशाला राहणाऱ्या बहुतेक माशांच्या बाबतीत हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. या लेखात जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. दांडी कुठली, दोरा किती जाडीचा, जिग किती ग्रॅमचा, हुक कुठे बांधायचा, हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: जिग पडत असताना हाताला काय कळतंय? नवीन माणूस झटके मारायचा सराव करतो. झटका चार दिवसांत जमतो. पडणं ओळखायला मात्र लक्ष लागतं, आणि मासे तिथेच मिळतात.

कारण साधं आहे. जखमी मासा जोर करून वर निघतो, दमतो आणि अंग टाकून खाली घसरतो. खडपाच्या कपारीत दबा धरून बसलेला हेकरू लांबवर पाठलाग करत नाही, त्याला ते परवडत नाही. समोर अलगद उतरणारा, लटपटणारा घास तो एका झेपेत गिळतो. ट्रेव्हाली, सुरमई आणि कुपा यांचा स्वभाव वेगळा. ते पोहणारे शिकारी आहेत, जोरात पळणाऱ्या जिगवरही तुटून पडतात. पण जोरात पळणारा जिग अचानक थांबून पडायला लागला की त्यांनाही राहवत नाही.

पाणी कधी आणि कुठे

भरती-ओहोटीचं पाणी सहा तासांत सारखं सरकत नाही. ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात एकूण उंचीच्या 1/12, दुसऱ्यात 2/12, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी 3/12, पाचव्यात 2/12 आणि सहाव्यात 1/12. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या) दिवशी या दोन तासांत खोल पाण्यात जिग तळाला नेणंच कठीण होतं, तर भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवशी नेमकं याच वेळी पाण्याला हवी तेवढी ओढ येते. उधाणाला पाणी फिरायच्या आधीचा आणि नंतरचा तास धरावा, भांगाला मधला वेळ. अगदी थांबलेल्या पाण्यात खडपावरचा मासा सुस्त पडतो. ओढ सुरू होताच छोटे मासे एका बाजूला गोळा होतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात.

ती बाजू कुठली, हे महत्त्वाचं. पाणी ज्या बाजूने येऊन खडपावर आदळतं, ती तोंडाकडची बाजू आधी तपासायची. तिथे आदळलेलं पाणी वर चढतं, त्याबरोबर बारीक जीव वर येतात आणि चाऱ्याच्या माशांचे थवे तिथेच घुटमळतात. फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) थवा ढगासारखा दिसतो आणि त्याच्या खाली किंवा कडेला मोठ्या माशांच्या तुटक कमानी. नुसता उंच खडक दिसला म्हणून थांबू नका, थवा नसेल तर पुढे चला. सपाट वाळूतून जेमतेम दोन-तीन मीटर वर आलेला, कुणाच्या लक्षात न येणारा खडक पुष्कळदा मोठ्या खडपापेक्षा जास्त मासे देतो.

होडी वाहती ठेवायची असेल तर खडपाच्या बऱ्याच अलीकडे, पाण्याच्या आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन इंजिन बंद करा, म्हणजे वाहत वाहत बरोबर जागेवरून जाल. वाऱ्याने होडी सरकत असेल तर वाऱ्याकडच्या बाजूने दोरा सोडा, तो होडीपासून दूर जात राहील. दुसऱ्या बाजूला सोडलेला दोरा होडीखाली जातो आणि बुडाला घासतो. त्याच बाजूला उभं राहावं लागलं तर होडी सरकतेय त्या दिशेला जिग थोडा लांब फेका. तो तळाला पोचेपर्यंत होडी त्याच्या डोक्यावर आलेली असते. आणि जिवंत प्रवाळावर नांगर टाकू नका. एका नांगराने मोडलेलं प्रवाळ भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. संरक्षित क्षेत्र असेल तिथे काय चालतं आणि काय नाही, हे निघण्याआधी विचारून घ्या.

जिगची निवड

वजनासाठी सुरुवातीचा अंदाज: दर मीटर खोलीला 2 ते 3 ग्रॅम. 40 मीटरला 80 ते 120 ग्रॅमचा जिग. मंद पाण्यात हलका, ओढीत जड. खरी परीक्षा दोऱ्याच्या कोनाची. दोरा जवळपास उभा जात असेल तर जिग तुमच्या ताब्यात आहे. तो तिरका होत होत 45 अंशांवर गेला की तुम्ही जिग उडवत नाही, फक्त ओढताय. मग जड जिग लावा किंवा होडी पुन्हा वर घ्या. मात्र जितका हलका जिग तळाला लागतोय तितकाच लावावा, असं माझं ठाम मत आहे. हलका जिग सावकाश पडतो आणि माशाला वेळ देतो.

आकाराचं गणित असं. लांब, अरुंद, सुरीसारखा जिग पाणी कापत झपाट्याने खाली जातो. खोल पाण्याला, ओढीला आणि सुरमई-ट्रेव्हालीसारख्या पळणाऱ्यांना तो चालतो. मागचा भाग जड असलेला जिग सर्वांत लवकर उतरतो. मधोमध वजन असलेला, रुंद, थोडा बाक दिलेला जिग आडवा होऊन झाडावरून गळणाऱ्या पानासारखा डुलत पडतो, आणि खडपातल्या आळशी शिकाऱ्यांसाठी याला तोड नाही. जपानमधून आलेल्या स्लो पिच, म्हणजे जिग सावकाश उडवण्याच्या, पद्धतीचा सगळा डोलारा या आडव्या पडण्यावर उभा आहे.

रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाणी प्रकाशातला लाल भाग सर्वांत आधी शोषून घेतं, पहिल्या काही मीटरांतच लाल रंग काळपट व्हायला लागतो. त्यामुळे 50 मीटरवर लाल की गुलाबी याला फारसा अर्थ उरत नाही. तिथे उठून दिसतो तो उजळ-गडद पट्ट्यांमधला फरक आणि अंधारात चमकणारा रंग. स्वच्छ उन्हात चंदेरी किंवा निळा, गढूळ पाण्यात आणि पहाटे-संध्याकाळी चमकणारे पट्टे, एवढं पुरे. उरलेलं लक्ष वजनाकडे द्या.

दांडी, रील, दोरा

होडीवरून उभ्या जिगिंगसाठी (जिग सरळ खाली सोडून वर-खाली करण्यासाठी) 6 ते 6.6 फुटांची दांडी. स्लो पिचची दांडी बारीक आणि लवचिक असते. तिचं काम जिग उडवणं, माशाशी झुंजायचं काम रीलचं. त्यामुळे या दांडीने मासा उचलायला जाऊ नका. रील ओव्हरहेड (दांडीच्या वर बसणारा) असेल तर उतरत्या जिगवर अंगठ्याने ताबा ठेवता येतो, म्हणून खडपासाठी मला तोच सोयीचा वाटतो. फेकून मारायचं असेल तर स्पिनिंग (दांडीखाली लटकणारा) रीलच हवा.

दोरा विणलेलाच घ्या. नायलॉन 20 टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, म्हणजे 40 मीटर खोलीवर तुमचा झटका दोऱ्यातच जिरतो आणि माशाचा धक्का हातापर्यंत येत नाही. विणलेला दोरा जवळजवळ ताणतच नाही. हलक्या कामाला पीई (विणलेल्या दोऱ्याच्या जाडीचा आकडा) 1.5 ते 2, खडपातल्या हेकरूला पीई 3 ते 4, मोठ्या ट्रेव्हालीला पॉपर (पाण्यावर फेस उडवत ओढायचं नकली आमिष) मारायचा असेल तर पीई 6 ते 8. दर 10 मीटरला रंग बदलणारा दोरा घ्या. किती रंग बाहेर गेले यावरून खोली कळते, आणि मासा मधल्या पाण्यात लागला तर पुढच्या वेळी जिग नेमका तिथे थांबवता येतो.

पुढे 3 ते 5 मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोऱ्याच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा. विणलेला दोरा खडकाला जरासा घासला तरी तुटतो, लीडर घासणं सोसतो. पीई 2 ला 40 पाउंडाचा, पीई 4 ला 60 ते 80 पाउंडाचा लीडर चालतो. सुरमई आणि बाराकुडा यांचे दात लीडरही कापतात. त्यांच्यासाठी 15-20 सेंटिमीटर बारीक तार लावता येते, पण तारेमुळे जिगची चाल थोडी मरते. ते फिरत नसतील तिथे तार नको.

दोरा आणि लीडरची गाठ

एफजी गाठ शिकाच. ती बारीक असते, दांडीच्या कड्यांतून अडखळत नाही आणि नीट बसली तर जवळजवळ दोऱ्याइतकीच ताकद देते.

विणलेला दोरा घट्ट ताणून धरा. एक टोक दातात किंवा दांडीच्या टोकाला, दुसरं करंगळीला गुंडाळून. दोरा ढिला पडला की गाठ फसली, ताण शेवटपर्यंत हवा. आता लीडरचं टोक ताणलेल्या दोऱ्यावर आडवं ठेवा. लीडर दोऱ्याच्या वरून नेऊन खालून परत आणा, पुढच्या वेळी खालून नेऊन वरून आणा. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, एकमेकांवर चढता कामा नये. असे 20 वेढे. जाड लीडरला दोन-चार कमी चालतात, बारीक दोऱ्याला दोन-चार जास्त.

वेढे बोटांनी दाबून ठेवा आणि दोऱ्याच्या सुट्या टोकाने लीडर आणि मुख्य दोरा दोन्हींभोवती एक साधा अर्धा फास घालून आवळा. आणखी एक घाला. आता वेढ्यांवर थुंकी लावा, मुख्य दोरा आणि लीडर दोन्ही हातांत घेऊन सावकाश पण पूर्ण जोराने ओढा. हातमोजे घाला, बारीक दोरा कातडी कापतो. वेढे आवळले गेले की विणलेल्या दोऱ्याचा रंग गडद होतो आणि तो लीडरमध्ये रुतल्यासारखा दिसतो. हा रंगबदल झाला नाही तर गाठ बसलेली नाही, सोडून पुन्हा बांधा. मग लीडरचं उरलेलं टोक अगदी लगत कापा, मुख्य दोऱ्याभोवती आणखी चार-पाच अर्धे फास घाला आणि दोऱ्याचं टोक कापा. घरी उजेडात बांधून सराव करा. डोलत्या होडीवर पहिल्यांदा ही गाठ बांधायला जाऊ नये.

हुक

उभ्या जिगिंगला हुक जिगच्या वरच्या टोकाला, दोरीवर लोंबता ठेवतात. त्याला असिस्ट हुक म्हणतात. लीडर एका अखंड रिंगला बांधायचा, त्याच रिंगमध्ये असिस्ट हुकची दोरी अडकवायची आणि स्प्लिट रिंगने (उघडता येणाऱ्या दुहेरी कडीने) जिग जोडायचा. जिग बदलायला गाठ सोडावी लागत नाही. फायदे दोन. हुक वर असल्यामुळे तळाच्या खडकात कमी अडकतो. आणि मासा डोकं झटकतो तेव्हा जिगचं वजन थेट हुकला हिसका देत नाही, त्यामुळे हुक सुटत नाही. दोरीची लांबी अशी की हुक जिगच्या वरच्या तिसऱ्या भागात लोंबेल. आडव्या पडणाऱ्या जिगला खाली-वर दोन्हीकडे बारीक हुक लावतात, पण काटेरी खडपावर मी फक्त वरचा ठेवायला सांगेन.

जिग सोडण्यापासून वर घेण्यापर्यंत

निघण्याआधी ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीलने दोरा सोडायचा ते ठरवणारा ब्रेक, लावून घ्या. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान. 27 किलो ताकदीच्या दोऱ्याला 7-8 किलो. ताणकाटा दोऱ्याला अडकवून, दांडी वाकवून मोजा. हाताने ओढून अंदाज घेऊ नका, तो फसवतो.

जिग पाण्यात सोडा आणि स्पूल (रीलची दोरा गुंडाळायची चकरी) मोकळा ठेवा, पण अंगठा किंवा बोट दोऱ्यावर हलकं टेकवून. दोरा एकसारख्या गतीने जात राहिला पाहिजे. मध्येच तो थांबला किंवा एकदम जोरात पळायला लागला तर ते पाणी नव्हे, मासा. लगेच रील बंद करा आणि गुंडाळा. वरच्या थरातल्या सुरमया आणि ट्रेव्हाली कित्येकदा अशाच, जिग तळाला पोचायच्या आत लागतात, आणि लक्ष नसलं तर नुसता कापलेला दोरा वर येतो.

तळाला टेकताच दोरा ढिला पडतो. त्याच क्षणी रील बंद करून दोन-तीन वेढे गुंडाळा. जिग तळावर पडून राहिला तर खडकात रुततोच, शिवाय बघत बसलेल्या माशाला त्यात काही जिवंत दिसत नाही. तळापासून उचललेले हे पहिले दोन-तीन मीटर म्हणजे हेकरूचं घर.

आता दांडी खांद्याच्या खालीच ठेवून टोक थोडं वर उचला, सोबत रीलचा अर्धा ते एक वेढा, मग दांडी खाली आणा. दांडी खाली आणताना दोरा जेमतेम ढिला होऊ द्या, म्हणजे जिग आडवा होऊन पडेल. पूर्ण ढिला सोडू नका, नाहीतर लागलेलं कळणार नाही. ढिला आणि ताठ यांच्या मधली ती जागा शोधणं, हेच सगळं कौशल्य. दोऱ्याचा पाण्याजवळचा भाग डोळ्यांनी बघत राहा. पडता पडता दोरा एखाद्या क्षणी थांबला, बाजूला सरकला किंवा जिगचं वजनच नाहीसं झालं, तर मासा तोंड लावून वर आलाय. असे दहा-पंधरा उचल केले की पुन्हा तळाला सोडा. खडपावर सबंध पाणी गुंडाळत वर आणण्यात वेळ जातो, पळणाऱ्या माशांसाठी मात्र वरपर्यंत आणा आणि वेग वाढवा.

मासा लागला की दांडी डोक्यावर नेऊन हिसका देऊ नका. असिस्ट हुक धारदार असेल तर जोरात गुंडाळलं तरी टोचतो. वजन पूर्ण बसल्यावर एक घट्ट उचल पुरते.

पहिले पाच मीटर

हेकरू आणि तांबोसा लागताक्षणी तोंड फिरवून कपारीकडे जातात. पहिल्या पाच मीटरांत त्याला वर आणलं तर तो तुमचा, नाहीतर खडकाचा. म्हणून ड्रॅग आधीच लावलेला हवा, झुंज चालू असताना त्याच्याशी खेळू नका. दांडी 45 अंशांच्या वर नेऊ नका, उभी केलेली दांडी टोकाजवळ मोडते. पाय रोवा, दांडीचा बुंधा पोटाशी टेकवा, थोडं उचला, खाली आणताना गुंडाळा. ट्रेव्हाली आणि कुपा यांना मोकळ्या पाण्यात पळू द्या, दमतील.

मासा कपारीत शिरलाच तर ओढाताण थांबवा. दोरा पूर्ण ढिला करून दोन ते पाच मिनिटं वाट बघा. ताण गेला की हेकरू पुष्कळदा स्वतःच बाहेर निघतो. दोरा हळूच सरकू लागला की घट्ट धरून गुंडाळा. जिग नुसता खडकात अडकला असेल तर होडी उलट्या बाजूला नेऊन सोडवा. दोरा कधीही हाताला गुंडाळून ओढू नका, लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा.

प्रत्येक मासा आल्यावर लीडरचा शेवटचा हात-दीड हात बोटांत फिरवून बघा. खडबडीत लागला की कापून पुन्हा बांधा.

किनाऱ्यावरून

इथे 9 ते 10 फुटांची दांडी आणि 20 ते 60 ग्रॅमचे शोअर जिग. फेकल्यावर मनात आकडे मोजत जिग पडू द्या. तळाला टेकायला 12 आकडे लागले तर पुढच्या फेकीला 9 वर थांबवा, मग 6 वर. मासा कुठल्या आकड्याला लागला ते लक्षात ठेवा. पडण्याचं तत्त्व इथेही तेच.

खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की तिवरांमधून निघणारं पाणी कोळंबी आणि बारीक मासे घेऊन येतं, आणि जिताडा, तांबोसा तिथे मुळांच्या, दगडांच्या सावलीत उभे असतात. त्यांना जिगहेडवरचा (जड डोकं असलेल्या हुकवरचा) 3 ते 5 इंचांचा रबरी मासा द्या, 7 ते 20 ग्रॅम वजनाचा. पाण्याच्या वरच्या अंगाला फेकून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या आणि मधूनमधून फक्त टोक उचला. पॉपर पहाटे आणि फेसाळ पाण्यात चालतो. दोन-तीन जोरदार ओढी, मग थांबा. मासा त्या थांब्यातच येतो. पाण्यावर उसळी दिसली तरी वजन जाणवेपर्यंत झटका देऊ नका.

पॉपरचे तिहेरी हुक काढून एकेरी लावा आणि हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. ताण कायम ठेवला तर मासा फारसा सुटत नाही, त्याला इजा कमी होते आणि तुमच्या हातात घुसलेला हुकही सहज निघतो. उडालेल्या पॉपरपासून डोळे वाचवायला पोलराइज्ड चष्मा घाला, पाण्यातले खडकही त्यातून दिसतात. खडकावर उतरण्याआधी निदान 20 मिनिटं बाजूला उभं राहून लाटा बघा, मोठ्या लाटा मधला बराच वेळ शांत जाऊन अचानक एकामागून एक येतात. ओले दिसणारे खडक म्हणजे लाट तिथवर येते. समुद्राकडे पाठ करू नका आणि लाइफ जॅकेट अंगावर असू द्या.

परत सोडायचा असेल तर

खोलातून आणलेला मासा नुसता पाण्यात टाकला म्हणजे सोडला असं होत नाही. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे वर येईपर्यंत माशाच्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट फुगू पाहतो. हेकरू आणि तांबोसा तो पटकन बाहेर सोडू शकत नाहीत. पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे फुगतात, मासा उलटा तरंगत राहतो आणि मरतो. तोंडातून आलेलं ते पोट टोचू नका, ती हवेची पिशवी नव्हे. माशाला खाली पाठवा. काटा दाबलेला मोठा हुक उलटा करून, म्हणजे टोक खालच्या दिशेला ठेवून, त्याच्या खालच्या ओठात अडकवा, हुकला मासा ओढून नेईल एवढं वजन बांधा आणि शक्य तितक्या तळाजवळ न्या. तिथे दोऱ्याला हिसका दिला की हुक निसटतो. हे सगळं दोन मिनिटांत व्हायला हवं, म्हणून साहित्य आधीच जोडून ठेवा. सुरमईला हवेची पिशवीच नसते, तिला ही अडचण येत नाही, पण ती हाताळणीने लवकर दगावते. तिला पाण्यातच सोडवा.

मासा ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन धरा. कल्ल्यांत बोटं घालून लटकवू नका.

कुठला सोडायचा, याबद्दल मी आग्रही आहे. बहुतेक हेकरू आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. एका खडपावरचे मोठे हेकरू काढून नेले तर तिथे नर उरत नाहीत. जिताड्याचं उलट, तो आधी नर आणि मोठा झाल्यावर मादी, आणि मोठी मादी लाखो अंडी घालते. म्हणून दोन्हींतले सर्वांत मोठे परत सोडा आणि खायचे असतील तर मधल्या आकाराचे ठेवा. प्रवाळी खडपावरचे अजस्र हेकरू, बाराकुडा आणि ट्रेव्हाली न खाण्याला आणखी एक कारण आहे: त्यांच्या मांसात सिग्वाटेरा विष साठलेलं असू शकतं, ते शिजवल्याने जात नाही आणि चवीतही कळत नाही. एका खडपावर लागोपाठ फुगलेले छोटे मासे येत असतील तर ती जागा सोडून उथळ पाण्यावर जा.

घरी आल्यावर

रीलचा ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा. जोराच्या धारेने खारं पाणी आतच ढकललं जातं. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. जिग आणि हुक गोड्या पाण्यात बुडवून, पुसून, वाळवून ठेवा. हुकचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर धार लावा किंवा तो हुक टाकून द्या. असिस्ट दोरी कुठे उसवली असेल तर तीही त्याच वेळी बदला.